देशातली एकच गोष्ट बदलता आली, तर मी कोर्टातली 'तारीख' बदलेन

बांधावरचा | ३ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मुलीला शाळेतून निबंध आलाय, 'मला माझ्या देशात काय बदलायला आवडेल?' आठवीत आहे. तिनं कचरा, खड्डे, झाडं असं काय काय लिहून काढलं आणि मला विचारलं, "बाबा, तुम्ही काय बदललं असतं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "तारीख." तिला वाटलं मी कॅलेंडरचं बोलतोय. मग माळ्यावरची पिशवी खाली काढली.

पिशवी आधी आजोबांची, मग वडिलांची होती. आता माझ्याकडे आहे. खताच्या गोणीची शिवलेली, आत प्लास्टिक. सगळ्यात जुन्या कागदावर दाव्याचा नंबर आणि साल १९८७. तेव्हा मी दोन वर्षांचा होतो.

कृष्णाकाठी आमची अकरा एकर. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांचं वाटप व्हायचं होतं. आजोबांचं म्हणणं, सगळी जमीन वडिलोपार्जित, निम्मी-निम्मी करा, विहीर सामाईक ठेवा. चुलत आजोबांचं म्हणणं, त्यातले पाच एकर माझ्या कष्टाच्या पैशांतून घेतलेत, त्यात वाटा नाही. वाद एवढाच. तालुक्याच्या कोर्टाला याचा निकाल द्यायला सोळा वर्षं लागली. २००३ साली प्राथमिक हुकूमनामा झाला, निम्मी-निम्मी. तोवर आजोबांना जाऊन पाच वर्षं झाली होती. पुढे जिल्हा कोर्टात अपील, ते २०११ साली फेटाळलं. मग मुंबईला हायकोर्टात दुसरं अपील आणि स्थगिती. २०१९ साली तेही फेटाळलं. तिन्ही कोर्टांनी एकच उत्तर दिलं.

जमीन आजही वाटलेली नाही. शेतजमिनीचं सरस-निरस मानानं, म्हणजे जमिनीचा कस बघून, वाटप दिवाणी कोर्ट स्वतः करत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे हुकूमनामा कलेक्टरकडे जातो, तिथून तहसीलला, तिथून भूमी अभिलेखला. मग मोजणी, मग वाटप तक्ता, त्यावर हरकती, आणि मग ताबा. आमची फाईल या वाटेवर आहे. गेल्या वर्षी वडील गेले. आता माझं, आईचं आणि बहिणीचं नाव वारस म्हणून लावायचं चाललंय. दावा सुरू झाला तेव्हा दोन्ही बाजू मिळून चार नावं होती, आज एकतीस आहेत.

हे सगळं मुलीला सांगत होतो, तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आली. प्रत्येक कागदावर आमच्यासाठी एक मुदत आहे. जिल्हा कोर्टात अपील ३० दिवसांत, हायकोर्टात ९० दिवसांत. पक्षकार वारला तर वारस ९० दिवसांत लावा, नाहीतर त्याच्यापुरता दावा संपला. हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, १२ वर्षांच्या आत. एक दिवस उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करा, त्यात दिवसादिवसाचं कारण द्या. वडिलांचं दहावं उरकलं त्याच संध्याकाळी मी मृत्यूच्या दाखल्याच्या मागे लागलो होतो, का तर ९० दिवस मोजायला सुरुवात झाली होती. आणि समोरच्या बाजूला, म्हणजे ज्यांनी न्याय द्यायचा तिथे, ३९ वर्षांत कुणाला एकाही दिवसाचं कारण द्यावं लागलेलं नाही.

मला बदलायचंय ते हे. मुदतीचा कायदा दोन्ही बाजूंना लावा. कोर्ट, कलेक्टर कचेरी, मोजणी खातं, सगळ्यांना. उशीर झाला तर त्यांनीही लेखी कारण द्यावं, जसं मी देतो.

या ३९ वर्षांनी काय केलं तेही सांगतो, कारण निकालाच्या कागदावर ते कुठंच दिसत नाही. कोर्टाचा 'जैसे थे' हुकूम होता, म्हणून विहिरीचा गाळ कुणी काढला नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कात दाव्याची नोंद, म्हणून बँक दारात उभी करेना. आसपासच्या सगळ्या रानांत ठिबक आलं. आमच्या अकरा एकरांतले चार आजही पडीक आहेत, तिथे बाभळी माजल्यात. चुलत आजोबांचा नातू माझ्याच वयाचा. पहिली ते दहावी आम्ही एका वर्गात होतो, एका बाकावर कधी बसलो नाही. मास्तरांनी एकदा कबड्डीला एका संघात घातलं, तर घरी आल्यावर दोघांनाही मार बसला. त्याच्या आजीच्या मयताला आमच्या घरातून कुणी गेलं नाही. माझ्या वडिलांच्या मयताला तो आला होता. लांब, लिंबाखाली उभा राहिला आणि गेला.

तुम्हाला एकच गोष्ट बदलता आली तर कुठली बदलाल? लिहा. मुलीला वाचून दाखवणार आहे.

अनघा_वाचते | ३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

वाचताना घशाशी आलं. आमच्याकडे जमीन नाही, पण सासऱ्यांची पेन्शनची केस आहे. मुदत दोन्ही बाजूंना, याला शंभर वेळा अनुमोदन.

तालुका_वकील | ३ फेब्रुवारी, रात्री ११:३०

बांधावरचा, तुमचा धागा दोनदा वाचला. मी बावीस वर्षं एका तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं करतो. तुमची व्यथा शंभर टक्के खरी आहे. फक्त एक दुरुस्ती करतो, कारण मुलीला वाचून दाखवणार आहात.

कोर्टाला मुदत अजिबातच नाही असं नाही. युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत निकाल द्यावा, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. २००२ पासून अशीही तरतूद आहे की एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी, म्हणजे वाढवून दिलेल्या तारखा, देऊ नयेत. कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्यायची. कागदावर सगळं आहे. पण २००५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कैफियतीची मुदत बंधनकारक नाही, मार्गदर्शक आहे, आणि अपवादात्मक परिस्थितीत तीनच्या वर तहकुबी देता येतील. त्यामागचं कारण योग्य होतं, एखाद्याचा हक्क निव्वळ उशिरामुळे बुडू नये. पण आमच्याकडे अपवाद हाच रोजचा व्यवहार होऊन बसला.

आता दुसरी बाजू बघा. २०१५ साली व्यापारी वादांसाठी वेगळा कायदा आला. त्यात कैफियतीला १२० दिवस, त्यानंतर हक्कच संपतो, कोर्टालाही मुदत वाढवता येत नाही. २०१८ पासून तीन लाखांच्या वरचे व्यापारी वाद त्यात येतात. म्हणजे देशाला ठरवलं की जमतं. कंपन्यांचं भांडण लवकर मिटावं असं सरकारला वाटलं आणि तसा कायदा झाला. शेताच्या बांधासाठी तसं अजून कुणाला वाटलेलं नाही.

बाकी, न्यायाधीश साहेबांना दोष देण्याआधी त्यांचं बोर्ड, म्हणजे दिवसाच्या कामांची यादी, बघा. काल आमच्या कोर्टाच्या बोर्डावर ७४ कामं होती. साडेदहा-अकराला पुकारा सुरू झाला की निम्मा दिवस नुसत्या हजेऱ्या आणि मुदतीचे अर्ज यातच जातो. पुरावा नोंदवायला दुपारचे दोन तास. त्यात एका साक्षीदाराचा उलटतपास अर्धा होतो आणि उरलेला पुढच्या तारखेला. तीन वर्षांनी साहेबांची बदली होते. ज्यांनी साक्षीदाराचा चेहरा पाहिला ते गेलेले असतात आणि ज्यांनी निकाल द्यायचा त्यांच्यापुढे फक्त कागद असतो. विधी आयोगानं १९८७ साली, तुमच्या दाव्याच्याच वर्षी, सांगितलं होतं की दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश हवेत. २००२ साली सुप्रीम कोर्टानं तेच पाच वर्षांत करा म्हणून सांगितलं. आज मंजूर जागा धरल्या तरी आकडा विशी-बाविशीच्या पुढे जात नाही, आणि त्यातल्या हजारो जागा रिकाम्या. देशातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत साडेचार कोटींच्या वर प्रकरणं पडून आहेत.

आम्ही वकीलही याला जबाबदार आहोत. समोरच्याला दमवायचं असेल तर मुदत मागणं हे सगळ्यात स्वस्त हत्यार आहे. खर्च बसतो दोनशे-पाचशे रुपये. पक्षकारही सांगतो, 'वकीलसाहेब, लांबवा.' ताब्यात असलेल्याला निकाल नकोच असतो.

तुमच्यापुरतं एक सुचवतो. एकतीस जणांचं एकमत होत असेल तर कोर्टाच्या वाटेनंच जायला हवं असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीनं वाटप तहसीलदारांकडे होतं. शेतीच्या वाटपपत्राची नोंदणी फी माफ करायचा निर्णय सरकारनं २०२५ साली घेतलाय. मार्चमध्ये राष्ट्रीय लोकअदालत आहे, तिथे तडजोड पुरसीस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, दिली तर त्या निवाड्यावर अपील नाही. प्रयत्न करून बघा.

मुक्ता | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

वकीलसाहेबांनी कागदावरच्या मुदतीचं लिहिलं म्हणून धीर करून लिहिते.

पोटगीच्या अर्जात अंतरिम पोटगीचा निर्णय नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत व्हावा, असं कायद्यात २००१ पासून लिहिलंय. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही तेच आहे. मला अंतरिम पोटगी मिळायला बावीस महिने लागले. त्यातले सात महिने समोरच्याला नोटीस बजावली जाण्यातच गेले, कारण तो पत्ता बदलत राहिला. नंतर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यायला त्यानं पाच तारखा घेतल्या. २०२० साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. माझ्या हातात त्या निकालाची प्रत होती. तरीही पाच तारखा.

मी एका दुकानात हिशेब लिहिते. प्रत्येक तारखेला दिवस बुडतो. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, त्याला शेजारच्या काकूंकडे ठेवायची. त्या काळात त्याचे बूट दोन नंबरनी वाढले आणि मी ते उधारीवर घेतले. हुकूम झाला तेव्हा थकबाकी म्हणून एकदम मोठी रक्कम लिहिली गेली. ती वसूल करायला वेगळा अर्ज करावा लागला, त्याच्या तारखा अजून चालू आहेत.

ज्या बायका हे वाचत असतील त्यांच्यासाठी: उत्पन्न कितीही असलं तरी बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्ह्याच्या कोर्टातच त्यांचं ऑफिस असतं. मला हे दीड वर्षानं कळलं, तोवर दागिने गेले होते.

मी तारीख बदलेन. दुसरं काहीच नाही.

सातपुडा | ४ फेब्रुवारी, दुपारी १:२०

माझं मत थोडं वेगळं आहे. मी नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तुम्ही सगळे निदान कोर्टापर्यंत पोचलात. माझ्या पाड्यावरच्या माणसाचा कागद त्याच्या आधीच अडतो.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं सांगितलं की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो त्याला चार हेक्टरपर्यंत हक्क. दावा आधी ग्रामसभेकडे, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी २००९ साली दावा भरला. पुरावा म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब जोडले, नियमांत तो पुरावा धरलेला आहे. काही वर्षांनी यादीत नावापुढे 'अपात्र' आलं. का, ते कुणी सांगितलं नाही. आणि बांधावरचा, तुमचा मुद्दा इथेही तसाच लागू होतो. निर्णय मान्य नसेल तर वरच्या समितीकडे दाद ६० दिवसांत मागायची. ज्याला निर्णय कळवलाच नाही त्यानं ६० दिवस कुठून मोजायचे?

म्हणून मला बदलायचंय ते असं: सरकारनं माणसाला 'नाही' म्हणायचं असेल तर त्याच्या भाषेत, कारणासकट, त्याच्या हातात कागद द्यावा. पावरी, भिलोरी बोलणाऱ्याला वाचून दाखवावा. बाकी बदल त्याच्यानंतर.

रंकाळा | ४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५०

बांधावरचा यांच्यासारखीच माझ्या काकांचीही केस मुंबईला हायकोर्टात होती. तारखेला ते महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जायचे. रात्री गाडीत, सकाळी स्टेशनवरच आंघोळ, दिवसभर बाकावर, आणि केस बोर्डावर आलीच नाही म्हणून रात्री परत. कोल्हापूरच्या वकिलांनी चाळीसहून अधिक वर्षं खंडपीठासाठी लढा दिला आणि १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्यात आहेत. पहिल्या दिवशी मी मुद्दाम काकांना घेऊन गेलो होतो. त्यांची केस केव्हाच संपली, तरी त्यांना ती इमारत बघायची होती. म्हणून सांगतो, गोष्टी बदलतात. फार उशिरा, पण मागत राहिलं की बदलतात.

मांडवीकाठ | ४ फेब्रुवारी, रात्री ८:३०

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यानं मुलगा-मुलगी समान वारस, आणि वाटपासाठी कोर्टात 'इन्व्हेंटरी' करतात. सगळ्या वारसांची आणि मालमत्तेची यादी एकदाच होते. पद्धत चांगली आहे. पण निम्मे वारस परदेशात असले की त्यांना नोटीस पोचण्यातच वर्षं जातात. माझ्या मावशीच्या घराची कौलं इन्व्हेंटरी चालू असतानाच खाली आली, कारण दुरुस्तीला सगळ्यांची सही हवी होती. कायदा कितीही समान असला तरी घर पडायचं थांबत नाही.

भेटीचा_वार | ५ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

तुमच्या तारखेला जमीन थांबते. मी ज्यांना भेटते त्यांच्या तारखेला माणूस थांबतो.

मी विधी स्वयंसेविका म्हणून एका कारागृहात दर आठवड्याला जाते. आपल्या देशात तुरुंगातल्या दर चार माणसांतली तीन विचाराधीन आहेत. गुन्हा सिद्ध झालेला नाही, खटला चालू आहे किंवा सुरूच व्हायचाय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये चांगली तरतूद आहे: आधी कुठल्याच गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या माणसानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडावं. जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून, आणि एकाहून जास्त प्रकरणं असतील तर लागू नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की कायदा यायच्या आधी अटक झालेल्यांनाही हे लागू आहे. अर्ज तुरुंग अधीक्षकांनी करायचा आहे. आम्ही याद्या करायला मदत करतो, आणि सुटलेली माणसं मी डोळ्यांनी बघितलीत.

पण मला सगळ्यात जास्त छळते ती वेगळी यादी. ज्यांना जामीन मिळालाय आणि तरी आत आहेत त्यांची. कोर्टानं पंधरा हजारांचा जामीन आणि एक जामीनदार सांगितलेला असतो. जामीनदाराला ऐपतीचा दाखला लागतो. ऊसतोडीला आलेला, वीटभट्टीवरचा, परराज्यातला मजूर इथे जामीनदार कुठून आणणार? एक मुलगा, वीस-एकवीसचा, मोबाइल चोरीच्या आरोपात. जामीन मंजूर होऊन चार महिने झाले होते. त्याला वाटत होतं जामीन नाकारला. त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही अर्ज केला, जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय, सोडलं. बाहेर पडला तेव्हा त्यानं मला विचारलं, "ताई, आज वार कुठला?"

सातपुडा, तुमच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत. कागद हातात आणि भाषेत. दोन्ही मागण्या एकच आहेत.

निवृत्त_शिरस्तेदार | ५ फेब्रुवारी, रात्री ९:००

चौतीस वर्षं कोर्टात नोकरी केली, म्हणून एक इशारा द्यावासा वाटतो. नुसती मुदत घालाल तर आकडे भरले जातील. जुनं प्रकरण अमुक महिन्यात संपवा असं वरून पत्र आलं की काय होतं ते मी बघितलंय. पक्षकार एका तारखेला आला नाही, दावा गैरहजेरीत काढून टाकला. यादीतून एक कमी. मग तो दावा पुन्हा फाईलवर घ्यायचा अर्ज, त्याच्या वेगळ्या तारखा. म्हाताऱ्या बाईची एसटी चुकली म्हणून तिचा दावा गेलेला मी बघितलाय.

माझ्या मते गोष्ट वेगळीकडे आहे. प्रत्येक तारखेला रोजनामा लिहिला जातो, त्या दिवशी काय झालं त्याची नोंद. मी आयुष्यभर तो लिहिला. त्यात बहुतेक वेळा एकच ओळ असते आणि पुढची तारीख. पुढच्या तारखेला नक्की काय होणार, कोणाचा साक्षीदार, कोणी कोणता कागद आणायचा, हे त्यात ठरवून लिहिलं आणि ते झालं नाही तर का झालं नाही हेही लिहिलं, तर निम्म्या तारखा आपोआप गळतील. त्याला नवा कायदाही लागत नाही. महाराष्ट्रात १९९८ पासून खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, रोजनामा पक्षकाराला वाचता येतो. बांधावरचा, तुम्ही तुमच्या दाव्याच्या रोजनाम्याची नक्कल काढा आणि तारखा मोजा. मग आपण बोलू.

बांधावरचा | ५ फेब्रुवारी, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्ताताई, भेटीचा_वार ताई, तुमचं लिहिलेलं मुलीला अजून वाचून दाखवता आलं नाही, मलाच वाचवेना. दाखवीन.

शिरस्तेदार काका, नक्कल वडिलांनी २००४ साली अपिलासाठी काढली होती, पिशवीत आहे. फक्त तालुका कोर्टाची, १९८७ ते २००३. उद्या बसतो.

तोवर आत्याचं सांगतो, कारण उशिराची एक गुंतागुंत तिथे आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, पण लग्न झालेल्या मुली वगळून. आत्याचं लग्न १९६५ सालचं. २००५ साली लग्न झालेल्या मुलींनाही वाटा देणारा केंद्राचा कायदा आला, तेव्हा आजोबा हयात नव्हते, म्हणून सगळे म्हणाले तिला लागू नाही. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वडील २००५ साली हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्मानं आहे. अंतिम वाटप झालेलं नव्हतं, म्हणून आमच्या निम्म्यात तिचा हिस्सा धरून घेण्यासाठी अर्ज केला. माझ्या वडिलांनी स्वतः त्यावर 'हरकत नाही' लिहिलं. दावा वेळेत संपला असता तर आत्याला मुलाइतका वाटा मिळाला नसता, हे मला माहीत आहे. पण तिला मिळालं ते कायदा बदलला म्हणून. ती आज एक्याऐंशी वर्षांची आहे. तिला जमीन नको, तिला त्या विहिरीजवळ एकदा उभं राहायचंय. इतकी वर्षं ती माहेरी आली की बांधावरूनच बघून जाते.

तालुका_वकील | ५ फेब्रुवारी, रात्री ११:०५

वडिलांनी हरकत नाही लिहिलं, हे वाचून बरं वाटलं. माझ्या बावीस वर्षांत असं लिहिणारे भाऊ बोटावर मोजण्याइतके. बहुतेक ठिकाणी बहिणीकडून हक्कसोड घेतात आणि साडी देतात.

शिरस्तेदार काकांशी सहमत. आणखी एक भर: हुकूमनामा झाल्यावरचा उशीर मोजतच नव्हतं कुणी. सुप्रीम कोर्टानं २०२१ साली सांगितलं की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा. २०२५ साली त्यांनीच देशभरातून आकडे मागवले, तर आठ लाखांच्या वर दरखास्ती पडून. म्हणजे आठ लाख ठिकाणी कोणीतरी जिंकलंय आणि हातात काही नाही.

बांधावरचा | ८ फेब्रुवारी, रात्री ११:४५

मोजल्या. मुलगी आणि मी दोन रात्री बसलो. ती वाचायची, मी वहीत रेघा ओढायचो.

सोळा वर्षांत १७१ तारखा. साहेब रजेवर, बदली किंवा जागा रिकामी, ३८. समन्स परत आलं, वारस लावायचे होते, अशा ३१. वकिलांचा बहिष्कार, अचानक सुट्टी, निवडणुकीचं काम, १४. वकिलांनी मागितलेल्या मुदती ६३. आणि ज्या दिवशी खरोखर काम झालं, साक्ष, कागद, युक्तिवाद, निकाल, ते दिवस २५.

ते ६३ आम्ही पुन्हा वेगळे केले. चुलत आजोबांच्या बाजूनं ३४. आमच्या बाजूनं २९.

ती २९ रेघ ओढल्यावर मुलगी काही बोलली नाही, मीही नाही. लहानपणापासून घरात एकच ऐकलं होतं की 'त्यांनी लांबवलं'. १९९२ साली सलग चार तारखा आमच्या वकिलांनी मुदत मागितली आहे. खाली आजोबांचा अंगठा आहे, म्हणजे ते हजर होते. त्यांना काय सांगितलं गेलं असेल, ते काय समजले असतील, आता विचारायला कुणी नाही.

आज सकाळी मी ही वही घेऊन चुलत घरी गेलो. त्या घराची पायरी मी एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा चढलो. नातू, म्हणजे माझा भाऊच, घरी होता. त्याला पान दाखवलं. त्यानं बराच वेळ बघितलं, मग आत जाऊन त्यांची पिशवी घेऊन आला. त्यांचीही खताच्या गोणीची आहे. वाटपाचं बोलणं अजून झालेलं नाही आणि एकतीस सह्या म्हणजे सोपं काम नाही, त्याच्या दोन चुलत्यांचा आजही विरोध आहे. मार्चच्या लोकअदालतीपर्यंत होईल असं मी म्हणत नाही.

पण मोजणीची नोटीस आलीय, २४ तारखेची. दोन्ही घरांनी हजर राहायचं, हद्दी दाखवायच्या. त्यानं आपणहून विचारलं, आत्या येणार का. ऊन वाढायच्या आत सकाळी आठला मोजणीदार येणार आहेत, म्हणून आत्याला आणायला मी आदल्या दिवशीच जातोय. बाभळींतून विहिरीकडे जायला वाट नाही. ती तोडायला तो रविवारी कोयता घेऊन येतो म्हणालाय.